जनसुनवाईनंतरचा प्रश्न

सरकारी दवाखान्याचा हिशेब वरिष्ठाने कनिष्ठाकडून घ्यायचा, ही आपल्या प्रशासनाची जुनी रीत. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने हा हिशेब मागण्याचा अधिकार गावकऱ्यांचाही आहे, हे तत्त्वतः मान्य केले. पुढे २००७ ते २००९ या काळात राजस्थान, तामिळनाडू, आसाम आणि महाराष्ट्र यांसह नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. महाराष्ट्रात त्यासाठी अमरावती, नंदुरबार, पुणे, ठाणे व तेव्हाचा उस्मानाबाद हे पाच जिल्हे निवडण्यात आले.

कार्यपद्धती साधी होती. गावाने सेवांची पाहणी करून हिरवा, पिवळा वा लाल शेरा द्यायचा. त्रुटी समितीपुढे मांडायच्या. आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष उत्तर द्यायचे. न येणारी परिचारिका, बाहेरून आणायला लावलेली औषधे, मोफत उपचारांसाठी घेतलेले पैसे ही गाऱ्हाणी अशा रीतीने चव्हाट्यावर येऊ शकतात आणि तालुक्याच्या पातळीवर बहुतांशी निकालातही निघू शकतात.

खरी कसोटी त्यापुढे आहे. डॉक्टरांची रिक्त पदे भरणे किंवा औषधांची खरेदी वेळेवर करणे तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या हाती नसते. ते निर्णय राज्याच्या राजधानीत होतात, निधीचा मोठा भाग दिल्लीत ठरतो. तरीही जनतेच्या संतापाला सामोरा जातो तो सर्वांत खालचा अधिकारी. परिणामी तो देखरेखीला शत्रू मानू लागतो आणि तेच प्रश्न वर्षानुवर्षे मांडून लोकही थकतात.

अभियानाच्या आराखड्यात गावापासून राज्यापर्यंत समित्यांची साखळी अभिप्रेत होती. तिचा वरचा दुवा बळकट केल्याशिवाय खालच्या दुव्यांना अर्थ नाही. तालुक्यात न सुटलेली प्रत्येक तक्रार जिल्ह्याकडे आणि तेथून राज्याकडे ठरावीक मुदतीत गेली पाहिजे, आणि तिथल्या जबाबदार अधिकाऱ्याने लेखी उत्तर दिले पाहिजे. पद भरता येत नसेल तर का, आणि केव्हा भरणार, हे त्या उत्तरात नमूद हवे. ते उत्तर पुढच्या जनसुनवाईत वाचून दाखवले जावे.

यासाठी नव्या योजनेची गरज नाही. सचिवालयांतील अधिकाऱ्यांनी स्वतःलाही उत्तरदायी मानण्याची तयारी दाखवणे पुरेसे आहे. ती नसेल, तर लोकसहभागाच्या नावाखाली एका वैद्यकीय अधिकाऱ्याची जाहीर झडती तेवढी होत राहील आणि दवाखान्यातील रिकामी खुर्ची रिकामीच राहील.