गर्भवतीच्या गळ्यावरील सोनोग्राफी

बाळंतपण म्हटलें कीं घरांतील वडीलधाऱ्या बायकांचें सारें लक्ष पोटाकडे लागलेलें असतें. पायांस सूज आली तर 'पहिलटकरणीचे पाय सुजावयाचेच' असें म्हणून ती गोष्ट तेथेंच सोडण्यांत येते. ही सूज पुष्कळदां निरुपद्रवी असते हें खरें. परंतु विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक चढला आणि लघवींतून प्रथिनें जाऊं लागलीं, म्हणजे डॉक्टर ज्यास प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात तो विकार जडला असें समजावें. यांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतें, व जी सूज चेहऱ्यावर दिसते ती जिभेच्या मुळाशीं व स्वरयंत्राभोंवतींहि येऊं शकते. या न दिसणाऱ्या सुजेविषयीं आज आम्ही लिहीत आहों.

वर्धा जिल्ह्यांत सेवाग्राम येथें १९६९ सालीं, गांधीजन्मशताब्दीच्या वर्षीं, डॉ. सुशीला नायर यांनीं कस्तुरबा रुग्णालयाच्या जोडीस वैद्यकीय महाविद्यालय काढिलें. पुढें जवळच सावंगी येथें दुसरें निघालें. खेड्यापाड्यांतील बाया जेथें अडल्यानडल्या येतात अशा रुग्णालयांतील भूलतज्ज्ञांस हा प्रश्न पुस्तकी नव्हे. सिझेरियनसाठीं शक्य तों पाठींत सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करितात. पण रक्तांतील प्लेटलेट फार कमी झाल्या, झटके येऊन बाईची शुद्ध हरपली, अथवा मूल गुदमरूं लागलें, तर पूर्ण भूल द्यावी लागते, आणि श्वासनलिकेंत नळी घालणें ओघानेंच आलें. गर्भवतीच्या छातींत प्राणवायूचा साठा थोडा आणि खर्च अधिक, त्यामुळें नळी बसण्यास दोन मिनिटें लागलीं तरी तीं जड जातात. परदेशांतील पाहण्यांवरून, प्रसूतीच्या शस्त्रक्रियांत अशा सुमारें ४०० भुलींमागें एकदां नळी बसतच नाहीं.

हें आधीं कळावें कसें? बाईस तोंड उघडावयास सांगून घशाचा किती भाग दिसतो तें पाहण्याची एक रीत आहे. ती अमेरिकेंतील भारतीय वंशाचे भूलतज्ज्ञ डॉ. मल्लमपाटी यांनीं १९८५ सालीं प्रसिद्ध केली. रीत सोपी आहे. पण बेशुद्ध बाई तोंड कशी उघडणार? शिवाय वेणा चालू असतांनाच घसा आणखी सुजतो, आणि सकाळची परीक्षा सायंकाळीं खोटी ठरते.

१९५८ सालीं ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनीं गर्भाशयाचीं जीं ध्वनिचित्रें प्रसिद्ध केलीं, त्याच विद्येचा उपयोग आतां गळ्यावर होऊं लागला आहे. यंत्राचा दांडा हनुवटीखालीं धरून जिभेची जाडी, व त्वचेपासून श्वासनलिकेवरील झांकणापर्यंतचें अंतर मोजितात. क्ष-किरण नाहींत, वेदना नाहींत, काम थोड्या मिनिटांचें. अंतर जितकें अधिक तितकी नळी घालणें अवघड, असा सामान्य अनुभव. मात्र किती मिलिमीटरांस अवघड म्हणावें याविषयीं निरनिराळ्या अभ्यासांचे आंकडे जुळत नाहींत, आणि एकट्या या मापावर कोणी विसंबूं नये. आमच्या मतें याहूनहि मोठा लाभ निराळाच आहे. नळी न बसल्यास गळ्याच्या पुढील ज्या पातळ पडद्यास छेद देऊन श्वास चालवावयाचा, त्याची जागा सुजलेल्या मानेवर बोटानें सांपडत नाहीं. यंत्रानें ती आधींच शोधून शाईची खूण करून ठेवितां येते. भीति दिसतांच वडील डॉक्टरांस बोलावणें, बारीक नळी आणि कॅमेरा बसविलेलें उपकरण हाताशीं ठेवणें, या गोष्टीहि वेळींच होतात.

एक अडचण मात्र आपणच निर्माण केलेली आहे. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानें प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद सक्तीची केली असून तें कोठेंहि मोकळेपणीं नेतां येत नाहीं. भूलतज्ज्ञ यावर कुरकुर करितात. पण मुली नकोत म्हणून यंत्रापुढें रांगा लावणाऱ्यांत सुशिक्षित घरें मागें नव्हतीं, हें आम्ही विसरूं शकत नाहीं.

घरच्या मंडळींस दोन गोष्टी ध्यानांत ठेवितां येतील. बांगड्या, अंगठी अकस्मात् घट्ट झाली, आवाज घोगरा झाला, अथवा उताणें निजल्यावर श्वास कोंडूं लागला, तर तें न विचारतां डॉक्टरांस सांगावें. आणि शेवटचें खाणें केव्हां झालें असें त्यांनीं विचारलें, तर 'नुसता घोटभर चहा' म्हणून मागून खाल्लेले पोहे लपवूं नयेत. भुलेंत तेच उलटून फुफ्फुसांत जातात.