हिवाळ्यांतील धांवपळ आणि घरचा सहवास

निसर्गानें नागपूरकरांस उन्हाळा सढळ हातानें दिला. हिवाळा मात्र मोजून-मापून दिला. मे महिन्यांत 45 अंशांवर जाणारा पारा डिसेंबरांत कांहीं रात्रीं 10 अंशांच्या खालीं उतरतो. 29 डिसेंबर 2018 रोजीं तर तो 3.5 अंशांवर आला होता. घराबाहेर पडावें, कोंवळ्या उन्हांत बसावें, चार माणसांनीं एकत्र यावें, असे दिवस येथें वर्षांतून जेमतेम तीन महिने लाभतात. त्यामुळें जें जें करावयाचें तें याच दिवसांत उरकून घेण्याची घाई घरोघरीं उडते. लग्नसराई, शाळेचे सामने, स्नेहसंमेलन, नाताळ, संक्रांत, हळदीकुंकू, प्रजासत्ताक दिन, आणि मधल्या प्रत्येक रविवारीं कोठें ना कोठें सहल! फेब्रुवारी उजाडला म्हणजे पालक आम्हांस भेटतात आणि थकलेल्या स्वरांत म्हणतात, "हिवाळा कसा गेला तें कळलेंच नाहीं."

हा उद्गार आम्हांस विचार करावयास लावतो. एवढें सर्व केलें, आणि तरीहि कळलें नाहीं, हें कसें? आमचें उत्तर थोडक्यांत असें आहे: कार्यक्रमांची गर्दी म्हणजे सहवास नव्हे. जेथें घरांतील प्रत्येकाच्या हाताला कांहीं काम असतें, तेथेंच सहवास असतो.

दरवर्षीं सुटीनंतर आम्ही वर्गांत सहलीवर निबंध लिहावयास सांगतों. बहुतेक वह्यांत तोच मजकूर असतो: गाडींत बसलों, रामटेकास गेलों, मंदिर पाहिलें, खिंडशीच्या तलावांत नावेंत बसलों, जेवलों, घरीं आलों. ज्या टेकडीस अनेक विद्वान् कालिदासाच्या मेघदूतांतील रामगिरि मानतात, ती टेकडी पाहून आलेल्या मुलास लिहावयास चार ओळीहि सुचूं नयेत! दोष मुलाचा नाहीं. त्याला नेलें, फिरविलें, खाऊं घातलें आणि परत आणलें; त्याला करावयास कांहींच दिलें नाहीं.

एका वर्षीं मात्र एका मुलीची वही निराळी निघाली. तिच्या घरचीं माणसें एका शेतावर रोडगे करावयास गेलीं होतीं, आणि गोवऱ्या रचून निखारे सांभाळण्याचें काम तिच्याकडे होतें. कणीक जाडसर कां दळावी लागते, तेल लावून पदर कसे घालतात, गोळा निखाऱ्यांत केव्हां उलटावा, राख झटकून फोडलेल्या रोडग्यावर तूप कसें मुरतें, वरण आणि वांग्याच्या भाजीची वाट पाहत सर्वजण कसे बसतात, हें सर्व तिनें चार पानें भरून लिहिलें होतें. तिचा एक रोडगा करपला, तो आजोबांनीं मुद्दाम मागून घेतला, हेंहि त्यांत होतें. तिला तो दिवस कळला होता, कारण त्यांतला एक वांटा तिचा होता.

याची दुसरी बाजूहि पालकांनीं पाहावी. मुलें पाहुण्यांसारखीं राहिलीं म्हणजे सारा भार कोणावर पडतो? सहलीच्या दिवशीं पहांटे उठून डबे भरणारी, परतल्यावर भांडीं घासणारी आणि दुसऱ्या दिवशीं सर्वांचे कपडे धुणारी माउली त्या सहलींत खरोखर सामील होती काय? एकानें राबावें आणि इतरांनीं रमावें, ही कुटुंबाची सहल नव्हे. मुलग्यांनीं भांडीं विसळलीं आणि वडिलांनीं कणीक मळली, तर कोणाचीहि प्रतिष्ठा कमी होत नाहीं. उलट आईला चार घटका उन्हांत बसावयास मिळतात.

कोणी म्हणेल, "हें सर्व सवड असलेल्यांचें झालें." आक्षेप खोटा नाहीं. 1953 च्या नागपूर करारास अनुसरून राज्य विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन सामान्यतः डिसेंबरांत आपल्या शहरीं भरतें. त्या दिवसांत पोलीस, कारकून, वाहनचालक यांच्या घरीं बाप मुलांना जेवतांनाहि दिसत नाहीं. परंतु सहवासाला मोटार लागत नाहीं आणि पैसाहि फारसा लागत नाहीं. अंबाझरी व फुटाळा हे तलाव शहरांतच आहेत. 1863 सालीं स्थापन झालेला अजब बंगला शहराच्या मध्यभागीं आहे. स्टीफन हिस्लॉप 1845 सालीं येथें आले. त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना टाकळीच्या परिसरांतील खडकांत गोड्या पाण्यांतील शंखांचे अवशेष सांपडले. लाव्हारसाच्या एका थरानंतर दुसरा थर येईपर्यंत या भूमीवर तळीं होतीं व त्यांत जीव नांदत होते, असा बोध त्या दगडांनीं करून दिला. गांवाबाहेर हिंडणारा डोळस मनुष्य एवढें पाहूं शकतो! आठवड्यांतून एकदां मुलाचा हात धरून अर्धा तास चालणें हें कोणत्याहि बापास अशक्य नाहीं.

आतां दहावीच्या मुलांविषयीं. फेब्रुवारी-मार्चांत परीक्षा, म्हणून कित्येक घरीं नोव्हेंबरापासूनच त्यांच्यापुरता हिवाळा बंद होतो. घर लग्नास जातें, मूल कुलुपाआड पुस्तकांपाशीं राहतें. अशा पालकांनीं आपल्या संत्र्याच्या बागाईतदारास विचारावें. आंबिया बहार यावा म्हणून तो डिसेंबर-जानेवारींत बागेचें पाणी तोडतो. यालाच तो ताण देणें म्हणतो. हलक्या जमिनींत ताण थोडे दिवस, भारी काळ्या जमिनींत अधिक दिवस. आणि तो पुरा झाला कीं पाणी सोडतो, तेव्हां झाड फुलतें. ताण बेसुमार लांबला तर पानें गळतात आणि झाडच खचतें. मुलांनाहि ताण हवा. अभ्यासावांचून यश नाहीं, हें आम्ही शिक्षक विसरूं शकत नाहीं. पण प्रत्येकाची जमीन ओळखावी आणि पाणी वेळेवर सोडावें. रोज संध्याकाळीं घटकाभर खेळ, रात्रीं सर्वांबरोबर जेवण, आणि घरच्या कार्यांत एखादें छोटें काम, इतकें मिळाल्यानें कोणाचे गुण घटल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

शेजारधर्माचेंहि तसेंच. नाताळच्या करंज्या किंवा संक्रांतीचा तिळगूळ शेजारीं पोंचवावयाचा असेल, तर ताट मुलाच्या हातीं द्यावें. दार ठोठावणें, वडील माणसांस नमस्कार करणें, एकट्या राहणाऱ्या आजींजवळ दोन मिनिटें बसणें, हें शिक्षण आमच्या शाळेच्या वेळापत्रकांत बसत नाहीं. तें घरींच व्हावयाचें. पतंग उडवावयाचे तर पक्ष्यांस आणि वाटसरूंस इजा करणारा नायलॉनचा मांजा, ज्यावर राष्ट्रीय हरित लवादानें 2017 सालीं बंदी घातली, तो घरांत येऊं न देणें हाहि शेजारधर्मच होय.

तेव्हां पालकांस आमची विनंति एवढीच: पुढच्या हिवाळ्याची यादी करतांना दोन कार्यक्रम खोडावे, आणि उरलेल्या प्रत्येकापुढें घरांतील कोणी कोणतें काम करावयाचें तें लिहावें. त्या यादींत आईच्या नांवापुढें एक तरी जागा कोरी ठेवावी. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस काम नेमून दिलें नाहीं, तर तें मागून घ्या. पुढें निबंधाला विषय मिळेल, हा त्यांतला लहानसा लाभ. घर आपलें आहे हें कळेल, हा मोठा.