लग्नाचा दाखला आणि बंद दार

परवा भाचीचा पासपोर्ट परत आला. आत व्हिसा नव्हता, एक छापील पत्र होतं. फोंड्याला शाळेत शिकवणारी ही मुलगी मे महिन्याच्या सुटीत तीन आठवडे नवऱ्याकडे जाऊन येणार होती. नवरा मूळचा इथलाच, पण लहानपणी आईवडिलांबरोबर परदेशी गेलेला आणि आता तिथला नागरिक. पत्राचा मथितार्थ एवढाच : तुमचा नवरा इथे राहतो, तेव्हा तुम्ही परत जाल याची आम्हाला खात्री वाटत नाही.

मी सरकारी कारकून. बावीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला बसतो आहे. कागद मागितले म्हणून मी कोणत्या तोंडाने तक्रार करू? तिने सगळे दिले होते : नोकरीचा दाखला, बँकेचं पासबुक, परतीचं आरक्षण. आणि लग्नाचा दाखलाही. गोव्यात लग्न म्हणजे नुसती सप्तपदी नव्हे. पोर्तुगीज अमदानीपासून नागरी निबंधकाकडची नोंद सक्तीची. या दाखल्याचा आपल्याला केवढा अभिमान! नेमका तोच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला.

एजंट म्हणाला, "नवरा तिथे आहे हे लिहिलंत कशाला? फिरायला जाते म्हणायचं!" माझा संताप झाला तो इथे. खरं सांगणारीला जी व्यवस्था दारातून परत पाठवते, ती पुढच्या अर्जदाराला खोटं बोलायलाच शिकवते.

ही एखाद्या अधिकाऱ्याची लहर म्हणावी, तर तसंही नाही. ठिकठिकाणचे कायदेच असे आहेत. अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्यातलं २१४ (बी) कलम पाहा. भेटीचा व्हिसा मागणारा कायमचा राहायलाच येतो आहे असं आधी धरून चालायचं. तसं नाही हे त्यानेच सिद्ध करायचं. नकारावर अपील नाही. जून २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात सांगून टाकलं की, परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे. ब्रिटनने कुटुंबाला भेटायला येणाऱ्यांचा अपिलाचा पूर्ण हक्क २०१३ साली काढून घेतला.

"मग कायमचाच व्हिसा घ्या ना," असं म्हणणारे भेटतात. अहो, तिला कायमचं जायचंच नाही! आणि तो तरी कुठे सोपा आहे? ब्रिटनमध्ये जोडीदाराला आणण्यासाठी उत्पन्नाची अट २०१२ साली वर्षाला १८,६०० पौंड होती, ती एप्रिल २०२४ मध्ये २९,००० झाली. दुकानात राबणाऱ्याने काय बायकोचा फोटो बघत बसायचं?

काहीजण भेटीला म्हणून जातात आणि तिथेच राहतात, हे मान्य. मग अनामत घ्या, परतल्यावर हजेरी घ्या. पण नाकारायचं तर त्या माणसापुरतं कारण लिहा. माझ्या टेबलावरून अर्ज फेटाळला तर शेरा लिहावा लागतो, वर अपील असतं, दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आला तर उत्तर द्यावं लागतं. लोक आम्हाला शिव्या घालतात, पण एवढं तरी आमच्याकडे आहे.

आपण गोंयकारांनी तरी हे दुसऱ्याचं दुखणं समजू नये. माझी आजी सावंतवाडीकडची. १९५५ साली नाकेबंदी झाली आणि एका सीमेने तिचं माहेर परदेश करून टाकलं. तिची आई गेली तेव्हा ती पोचू शकली नाही. ती माहेरच्या उंबऱ्यावर पुन्हा उभी राहिली ती गोवा मुक्त झाल्यावरच. माणूस आपल्या माणसाला भेटायला निघाला की आधी त्याच्यावर संशय घ्यायचा, ही रीत तेव्हाही वाईट होती आणि आजही वाईटच आहे.

भाची पुन्हा अर्ज करणार आहे. शुल्क पुन्हा भरावं लागेल, पहिलं बुडालं. एजंटाचा सल्ला मात्र तिने धुडकावला. 'विवाहित' या रकान्यापुढे ती खूण करणारच, आणि नवऱ्याचा पत्ताही लिहिणार.