राजीखुशीनं विकलेली खोली

चार दिवस पावसानं उघडीप दिलेली नाही. सोयाबीन पिवळं पडायला लागलंय, कोळपणी राहिलीय, वाफसा नाही म्हणून घरात बसून लिहितोय. आज पिकाचं नाही, कर्जाचं लिहितो. गेल्या आठवड्यात पारावर जे ऐकलं ते डोक्यातनं जात नाही.

आमच्या वाडीतल्या एकाची लालबागला खोली आहे. आज्ज्यापासूनची, पागडीची. त्यानं पोल्ट्रीसाठी कर्ज काढलं, थोडं पतसंस्थेचं, बाकी खाजगी. पोल्ट्री बसली. आता पारावरचे सगळे एका सुरात सांगतायत, "खोली विक आणि मोकळा हो. तिथं राहतंय कोण?" सांगणाऱ्यांतल्या एकानं गिऱ्हाईकही आणलंय. ते गिऱ्हाईक कुणाच्या ओळखीतलं? तर खाजगीवाल्याच्या.

"विक आणि मोकळा हो" हे मी बारा वर्षांचा असल्यापासून ऐकतोय. आमच्या खोऱ्यातली माणसं मोकळी झाली ती कर्जातनं नव्हं, मुंबईतनं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आमचे आबा त्यातलेच, साचेखात्यातले. गिरणीचं नाव घेत नाही, घेऊन काही उपयोग नाही. संप बरोबर होता का चूक, डॉक्टर सामंतांनी काय करायला हवं होतं, हा वाद ज्यांना घालायचाय त्यांनी घालावा. मी फक्त पैशाचा हिशेब सांगतो.

आमची खोली तिसऱ्या माळ्यावर, दहा बाय बारा. पण ती फक्त आमची नव्हती. वाडीतली अकरा माणसं तिथं असायची, पाळीपाळीनं झोपायची. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर आडवा. ज्याची नोकरी पक्की नाही तो बदलीवर जायचा आणि खोलीत जागा नसंल तर व्हरांड्यात झोपायचा. गावाकडनं कुणी आजारी माणूस केईएमला नाहीतर टाटाला आला की त्याची पिशवी आमच्या खुंटीला. गिरणगावातली निम्मी बिऱ्हाडं अशीच होती, कुठं गावकीचा गाळा, कुठं एखाद्याची खोली.

संपात पगार बंद. पहिलं सहा महिने उधारीवर गेलं, मग भांडी गेली, मग आईचं डोरलं. मग आबांनी सहा हजार घेतले, महिन्याला शेकडा दहानं. म्हणजे महिन्याला सहाशे नुसतं व्याज, आणि हातात पगार शून्य. दोन वर्षांत व्याजच झालं १४,४००.

बँकेत का गेले नाहीत, असं आजची पोरं विचारतात. काय घेऊन जाणार? पागडीची खोली म्हणजे भाडेकरूची. सातबारा नाही, खरेदीखत नाही, हातात फक्त घरमालकाची भाडेपावती. पावतीवर बँक कर्ज देत नाही. आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं पागडी घेणं हाच गुन्हा होता, पण व्यवहार तर सगळे पागडीवरच चालायचे. घरमालकाचंही एक सांगतो, भाडी १९४० च्या पातळीवर गोठवलेली, त्याला वर्षाच्या भाड्यात इमारतीचा जिनाही दुरुस्त होत नव्हता. त्याची कमाई एकच, खोली हात बदलताना पावती नव्या नावावर करायचा हिस्सा. आमच्या चाळीत तो तिसरा हिस्सा होता. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५६ नं हे सगळं कायदेशीर केलं, ३१ मार्च २००० पासून. आम्हाला त्याचा काय उपयोग? १९८४ ला जो व्यवहार झाला तो कागदाबाहेरचा. फसलात तरी ओरडायची सोय नाही, कारण तुम्हीबी त्यात अडकणार.

तर १९८४ ला खोली गेली २७,००० ला. नऊ हजार घरमालकाचे. राहिले अठरा. देणं वीस हजार चारशे. मांडवली होऊन सतरा हजारांवर मिटलं. हातात हजार रुपये, त्यात एसटीचं भाडं, ट्रंका, आणि गावात पहिल्या महिन्याचं राशन. गिऱ्हाईक सावकारानंच आणलं होतं. पैसे देणारा तो, व्याज लावणारा तो, गिऱ्हाईक आणणारा तो, मग भाव कुणी ठरवला हे सांगायला नको. सगळे म्हणाले, आबा सुटले.

आता ऐका. हे मला तालुक्याच्या कोर्टात एका वकिलानं दाखवलं, मग मी स्वतः वाचलं. १९०८ ची दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ६०. कर्जाच्या हुकूमनाम्यात काय काय जप्त करता येत नाही त्याची यादी आहे. शेतकऱ्याचं स्वतःचं राहतं घर त्यात पहिल्यापासून आहे, मजुराचं १९७६ ला आलं. आणि १९७६ च्या दुरुस्तीनं आणखी एक ओळ घातली, भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या राहत्या जागेतला भाडेकरूचा हक्कही जप्त करता येणार नाही. म्हणजे लालबागची आमची खोलीच की!

सावकारानं कोर्टात जाऊन हुकूमनामा आणला असता तरी त्या खोलीला कोर्टाचा बेलीफ हात लावू शकला नसता. जे कोर्टाला जमलं नसतं ते पारावरच्या आणि चाळीच्या जिन्यावरच्या सल्ल्यानं झालं. आबांनी राजीखुशीनं विकली. कागद असता तर त्यावर हेच शब्द असते.

आणि त्याच रस्त्यावर दुसरा कर्जदार होता, त्याचं काय झालं ते बघा. गिरणी मालकही कर्जातच होते, निदान ताळेबंदात तरी. त्यांच्यासाठी १९८५ ला आजारी उद्योगांचा कायदा आला. कारखाना आजारी म्हणून मंडळापुढं गेला की, परवानगीशिवाय कुणाला वसुलीचा दावा पुढं रेटता येत नव्हता. आजारी माणसाला नव्हं, आजारी कंपनीला सवलत. मग १९९१ च्या विकास नियमावलीत नियम ५८ आला, गिरणीची जमीन विकायची वाट निघाली. एक वाटा महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ ला ती वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती केली, बांधकामाखालची जमीन बाहेर काढली. मार्च २००६ ला सुप्रीम कोर्टानं तेच कायम ठेवलं.

सरकारी महामंडळाच्या गिरण्याही देणी भागवायला विकल्या. २००५ ला लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल गेली, सुमारे १७ एकर, ७०२ कोटींना. आपण शेतकरी माणसं, गुंठ्यात बोलू. १७ एकर म्हणजे ६८० गुंठे, गुंठ्याला एक कोटी तीन लाख. आमच्या खोलीएवढ्या जमिनीला अकरा लाखांच्या वर. आमची खोली तर तिसऱ्या माळ्यावर, तिच्याखाली अजून तीन खोल्या.

मालकानंही विकलं आणि आबांनीही विकलं. पण मालकाला कायद्यानं थांबायला वीस वर्षं दिली, आबांना सावकारानं पुढच्या हप्त्यापर्यंत दिली. फरक तेवढाच. कर्जात ज्याला वेळ मिळतो त्याची मालमत्ता विकली जाते, ज्याला मिळत नाही त्याची लुटली जाते.

पुढं गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ ला निघाली, ६,९२५ घरं. अर्ज करणारे पावणेदोन लाखांच्या घरात. आता उरलेल्यांना शेलू-वांगणी दाखवतायत, म्हणून जुलै २०२५ ला म्हातारी माणसं आझाद मैदानात बसली. परळचा कामगार कर्जतच्या वाटेला.

पारावरचे म्हणतील, मग काय कर्ज डोक्यावर घेऊन मरायचं का? नाही. विकायला मी बंदी घालत नाही. कधी कधी विकावंच लागतं. पण शेवटी, सगळे दरवाजे ठोठावून, आणि गिऱ्हाईक स्वतः शोधून. जनावर बाजारात नेताना आपण चार व्यापाऱ्यांना दात दाखवतो, आणि आज्ज्याची खोली पहिल्या माणसाला?

शिवाय ही इमारत उपकरप्राप्त आहे. पुनर्विकास झाला तर आजच्या नियमानं भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटाचं घर फुकट आहे. वरळीच्या बीडीडी चाळी सरकारी, त्यांचं गणित वेगळं, पण तिथं १६० फुटांच्या खोलीच्या जागी ५०० फुटांचं घर मिळालं, ऑगस्ट २०२५ ला ५५६ जणांना चाव्या दिल्या. मान्य, पुनर्विकासाचं घर म्हणजे झाडावरचा फणस. लालबाग-परळात पत्र्याचं कुंपण मारून वर्षानुवर्षं पडलेले प्लॉट आहेत. पण त्या फणसाचा भाव गिऱ्हाइकाला माहीत आहे, म्हणून तर ते पावसात घाट चढून आलंय. विकणाऱ्याला माहीत नसावा हीच त्याची इच्छा.

आणि "तिथं राहतंय कोण" म्हणणाऱ्यांनी एकदा टाटाच्या बाहेरच्या फुटपाथवर जाऊन यावं. पिशव्या उशाला घेऊन झोपलेले कोण आहेत? साताऱ्याचे, बीडचे, जळगावचे, आणि पार बिहारचे. माझी चुलत बहीण केमोला जाते तेव्हा आम्ही याच खोलीत उतरतो. आमची स्वतःची राहिली असती तर मी दहावीनंतर मुंबईला गेलो असतो, हे सोडा. शेती केली त्याचं मला वाईट वाटत नाही. पण माझ्या पोराला तरी एक खुंटी हवी.

पतसंस्थेकडं एकरकमी परतफेडीचा अर्ज दिलाय, व्याजातली सूट मागितलीय. खाजगीवाल्याकडं परवाना नाही. २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे, विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि कर्जापोटी सावकारानं लिहून घेतलेली जमीन, घर पंधरा वर्षांच्या आतलं असेल तर कलम १८ खाली परत मागता येतं. हे वाचताना ज्यांच्या पोटात गोळा आला असेल त्यांच्यासाठी सांगतो, सोमवारी आम्ही चौघं तालुक्याला सहायक निबंधकांच्या कार्यालयात निघालोय. इसारपावती, कोऱ्या चेकचे नंबर, स्टॅम्पपेपरच्या झेरॉक्स, व्याज दिल्याची वहीतली नोंद, जे असेल ते घेऊन या. फोनवरचे मेसेज पुसू नका. सव्वाआठची एसटी, फाट्यावर थांबतो. पाऊस असला तरी.