मांजराचा ट्रे : यंत्र घ्यावे की फावडी पुरे?

फ्लॅटमध्ये मांजर पाळायचे म्हटले की त्याच्या शी-शूसाठी ट्रे आलाच. यालाच ‘लिटर बॉक्स’ म्हणतात. त्यात बहुधा बेन्टोनाइट मातीचे दाणे असतात. लघवी पडली की दाण्यांचा गोळा बनतो. तो जाळीच्या फावडीने उचलून टाकायचा, एवढेच रोजचे काम. हे काम आपोआप करणारी यंत्रे आता ऑनलाइन मिळतात. मांजर बाहेर पडले की थोड्या वेळाने यंत्र फिरते, माती चाळली जाते आणि घाण खालच्या बंद खणात पडते. साधा ट्रे काहीशे रुपयांत येतो. यंत्राला हजारो रुपये मोजावे लागतात. सोयीसाठी कुणी पैसे खर्च केले तर तक्रार नाही. पण यंत्र ‘आरोग्यासाठी’ म्हणून घेतले जात असेल, तर तो हिशेब तपासायलाच हवा.

मांजराच्या विष्ठेतून पसरणारा सर्वांत चर्चेतला आजार म्हणजे टॉक्सोप्लाझ्मोसिस. निरोगी माणसात तो बहुतेक वेळा लक्षणांविना जातो. मात्र गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली, तर बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून घरात गोड बातमी आली की अनेकदा मांजरालाच बाहेरचा रस्ता दाखवला जातो. याची गरज नसते. मांजर या परजीवीचे बीजकोश साधारणपणे पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडेच बाहेर टाकते. घरातच राहणाऱ्या आणि कच्चे मांस न खाणाऱ्या मांजराला ही लागण होण्याची शक्यता कमी असते. माणसाला ती अर्धवट शिजलेले मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतूनही होते.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ताज्या विष्ठेतले बीजकोश लगेच बाधक नसतात. तसे व्हायला १ ते ५ दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोज साफ केला की धोका बराचसा टळतो. यंत्रात नेमके उलटे घडते. घाण नजरेआड होते, पण खण भरेपर्यंत घरातच राहते. आठवड्याने तो उघडणाऱ्याच्या हाती जुनी विष्ठा येते. त्यामुळे यंत्र असले तरी खण रोज रिकामा करावा, हातमोजे घालावेत आणि साबणाने हात धुवावेत. गरोदर स्त्रीने हे काम घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवावे.

दुसरा मुद्दा मांजराच्या तब्येतीचा. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. अशा वेळी बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतो, पण मातीत गोळा दिसत नाही. उलट गोळे अचानक मोठे होऊ लागले, तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाच्या विकाराची शंका घ्यावी लागते. जुलाब आणि रक्तही ट्रेमध्येच दिसते. फावडी मारणाऱ्याला हे सारे रोज आपसूक कळते. काही यंत्रे मांजराच्या फेऱ्या मोजून मोबाइलवर कळवतात आणि ते उपयोगीही आहे. पण फेरी झाली म्हणजे लघवी झाली, असे नव्हे.

याशिवाय फिरणाऱ्या भागांमुळे लहान पिल्लांना इजेचा धोका असतो, म्हणून यंत्रासाठी मांजराचे किमान वजन सांगितलेले असते. आवाजाला बिचकणारी मांजरे यंत्र टाळून कोपरा गाठतात. वीज गेली की यंत्रही थांबते.

मग यंत्र कुणी घ्यावे? गुडघे-कंबर धरलेल्या ज्येष्ठांना, हात थरथरणाऱ्यांना किंवा दिवसभर बाहेर राहावे लागणाऱ्यांना त्याचा खरा आधार होतो. प्रत्यारोपण झालेल्या किंवा केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णाने मात्र यंत्राच्या भरवशावर राहू नये. खण दुसऱ्यानेच रिकामा करावा. बाकीच्या घरांत तेच पैसे रेबीजच्या लसीवर, नसबंदीवर आणि पशुवैद्यकाच्या वार्षिक तपासणीवर खर्च करणे शहाणपणाचे. ट्रेपाशी रोज जाणारी ती पाच मिनिटे वाया जात नाहीत. मुक्या जनावराची तीच रोजची तपासणी असते.