मोटरसायकलीचा ठोका आणि आमचा ऊस

शेतकी मासिकात मोटरसायकलीच्या दुखण्याची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात उभा राहील. उत्तर सरळ आहे. आमच्या जिल्ह्यात वैरणीचा भारा, खताचे पोते आणि दुधाच्या किटल्या आज मोटरसायकलीवरूनच जातात. बैलजोडी विकून टाकलेल्या घरीही हे वाहन दाराशी असते. बैल लंगडू लागला तर आम्ही प्रथम त्याचा खूर उचलून पाहतो; परंतु इंजिन कण्हू लागले तर जो कोणी पाना हाती धरील त्याच्या स्वाधीन ते करतो. शिवाय या दुखण्याचा संबंध अलीकडे आमच्या उसाशी जोडण्यात येत आहे, आणि तो उलटा जोडण्यात येत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य महसूल खात्यातील कारकुनीत गेले. यंत्रविद्येचे शिक्षण नाही. निवृत्तीनंतर एक जुनी बुलेट घेतली. वाघबीळावरून पन्हाळ्याच्या चढाला लागले की तिच्या पोटातून डब्यात चिल्लर हलविल्यासारखा टिणटिण आवाज येई. मूठ सैल केली की थांबे. एका कारागिराने टॅपेट आवळून दिले. दुसऱ्याने बोअर करून नवा पिस्टन टाकावा लागेल असे सांगून खर्चाचा जो आकडा उच्चारला, तो ऐकून गाडी तशीच घरी आणली. अखेर शिवाजी उद्यमनगरातील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना उचलण्यापूर्वी एकच प्रश्न केला, "भाऊसाहेब, आवाज गाडी उभी असताना येतो, का ओढताना?" ओढताना, असे सांगताच टॅपेट निर्दोष ठरले, कारण टॅपेटचा आवाज उभ्या गाडीतही येतो, आणि हा ठोका केवळ भार पडला म्हणजेच येतो. मागाहून असे आढळले की, सिलिंडरच्या पंखांत मळ्यातील चिखल वाळून बसला होता, पिस्टनच्या माथ्यावर काजळीचा जाड थर होता, आणि पूर्वीच्या कोणी कारागिराने गाडी चपळ व्हावी म्हणून ठिणगीची वेळ वाजवीपेक्षा पुढे सरकविली होती. हेड उतरवून काजळी खरवडली, पंख धुतले, वेळ जागेवर आणली. नवीन सामान म्हणाल तर एक गॅस्केट.

हा ठोका म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे. पेट्रोलच्या इंजिनात पिस्टन माथ्यास पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडते, आणि तेथून ज्योत क्रमाने पसरत जाते. पाचटाला एका टोकास काडी लावल्यावर आग जशी सरीने पुढे सरकते तशी. परंतु आतील उष्णता व दाब फार वाढला म्हणजे ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील उरलेले मिश्रण आपोआप एकदम भडकते. त्या भडक्याचा धक्का सिलिंडरच्या भिंतीवर आदळून जो नाद उठतो, तोच टिणटिणाट. तो क्वचित व हलका असेल तर फारशी हानी होत नाही. पण दिवसेंदिवस तसाच चालू दिला तर पिस्टन झिजतो, कडा तुटतात, आणि शेवटी माथ्याला भोकही पडते. दोन्ही बाजूंस किटल्या अडकवून, चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी रेटणाऱ्या आमच्या तरुणांनी हे ध्यानी घ्यावे. गिअर उतरविण्यास पैसे पडत नाहीत.

आपोआप पेटण्याच्या या खोडीस जे पेट्रोल जितका विरोध करील तितका त्याचा ऑक्टेन अंक मोठा. येथे मौज अशी की, विहिरीवरच्या डिझेल इंजिनात नेमका उलटा न्याय चालतो. तेथे ठिणगीच नसल्यामुळे तेल दाबानेच चटकन पेटावे लागते. उशिरा पेटले तर ते इंजिन ठोके मारते. म्हणजे एका इंजिनाचा गुण तो दुसऱ्याचा अवगुण. रॉकेल अशाच चटकन पेटणाऱ्या जातीचे. ते पेट्रोलमध्ये मिसळले की ऑक्टेन अंक उतरतो आणि गाडी चढावर टिणटिणू लागते. रेशनच्या रॉकेलाला निळा रंग देत असत तो या भेसळीस आळा बसावा म्हणूनच. त्या रंगाला न जुमानणाऱ्यांचे धाडस किती वाढले होते, हे सांगताना आजही लेखणी अडखळते. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे तेलाची भेसळ उघडकीस आणणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. ते आमच्याच खात्यातले. दुसरे दिवशी प्रजासत्ताक दिन होता. भेसळ म्हणजे दोन पैशांची लबाडी, असे म्हणणाऱ्यास आम्ही ही तारीख सांगतो.

आता उसाकडे येऊ. ठोका थांबविण्याचे औषध अमेरिकेत १९२१ साली थॉमस मिजली याने शोधून काढले. ते शिशाचे संयुग होते. मद्यार्कानेही ठोका थांबतो हे त्यास व त्याच्या सहकाऱ्यांस ठाऊक होते. तरी स्वस्त व पेटंट घेता येण्याजोगे म्हणून शिसे पुढे आले, आणि पाऊण शतक जगाने ते विष श्वासातून घेतले. आपल्या देशात शिसेरहित पेट्रोल सर्वत्र अनिवार्य झाले ते १ फेब्रुवारी २००० पासून. त्यानंतर जानेवारी २००३ मध्ये इथेनॉल मिश्रणाची योजना सुरू झाली, जून २०२२ मध्ये मिश्रण दहा टक्क्यांस पोहोचले, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्क्यांच्या पेट्रोलचा आरंभ झाला, आणि २०२५ साली ते देशभर आले. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक ९१. वीस टक्के इथेनॉल घातलेल्याचा सुमारे ९५. तेव्हा "इथेनॉलमुळे गाडी ठोके मारते" हा चावडीवरचा सिद्धांत मुळातच उफराटा आहे.

परंतु येथेच आम्ही ऊसकरी गप्प बसलो, तर ते अर्धेच सत्य होईल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच उष्णता असते. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत इंधनाचे छिद्र ठरलेले असल्यामुळे मिश्रण पातळ पडते आणि इंजिन अधिक तापते; मिस्त्रीकडून जेट एक नंबर मोठा बसवून घेणे हा त्यावर उपाय. जुन्या रबरी नळ्या व वॉशर फुगतात. आणि इथेनॉल पाणी ओढून घेते. गगनबावड्याकडील पावसात गोठ्याच्या वळचणीला आषाढ-श्रावण उभी राहिलेली गाडी घ्या. टाकीत पाणी पुरेसे साचले की इथेनॉल त्याच्याबरोबर तळाशी बसते, आणि वर उरते ते ऑक्टेन उतरलेले पेट्रोल. मग ठोका येतो खरा. पण तो इथेनॉल असल्याने नव्हे, निघून गेल्याने. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी, किंवा गाडी वापरायचीच नसेल तर पूर्ण रिकामी करावी.

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकींचे अंतर वीस टक्के मिश्रणाने तीन ते चार टक्क्यांनी घटेल असे नमूद आहे, आणि अशा पेट्रोलचा भाव त्यामानाने कमी असावा अशी शिफारसही आहे. भाव कमी झाला नाही. इथेनॉलच आता महाग पडते असे सरकारचे सांगणे. आमचे मत असे की, सवलत न देता येईल तर निदान जुन्या गाड्यांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल निराळ्या नळीने मिळावे, आणि प्रत्येक नळीवर इथेनॉलचे प्रमाण व ऑक्टेन अंक मराठीत ठळक लिहावा. ही मागणी ऊस उत्पादकांच्या संस्थेनेच प्रथम करावी. यावर काही मित्र रागावतील. ते म्हणतील, आपल्याच मालाला आपण का खोट काढावी? पण आपल्या गुळाच्या ढेपेवर प्रत लिहिल्याने गूळ खपेनासा झाला, असे आम्ही कोल्हापूरच्या पेठेत पाहिलेले नाही.

तूर्त ज्यास पंपाविषयीच शंका असेल त्याने गाळणकागदाची पट्टी मागावी. तो ग्राहकाचा हक्क आहे. नळीचे तोंड पुसून एक थेंब पट्टीवर टाकावा. दोन मिनिटांत तो डाग न ठेवता उडून गेला तर पेट्रोल शुद्ध, तेलकट डाग राहिला तर भेसळीचा संशय धरावा. घनतेची नोंदही पंपावर रोज असते, तीही पाहावी. पट्टी मागितल्यावर पंपावरील मुलगा प्रथम आपल्या तोंडाकडे पाहतो. दुसऱ्यांदा मागितली की देतो.