ओवाळणीचा हिशेब

भाऊबीज जवळ आली की मला आमच्या ताईची थोडी भीती वाटते. ताई स्वभावाने गरीब. भीती आहे ती माझ्या कपाटातल्या एका कागदाची. महालातल्या आमच्या वडिलोपार्जित घराचे ते हक्कसोडपत्र. तिची सही तेवढी राहिली आहे!

ताईचे लग्न १९८९ साली झाले. नाना २००१ साली गेले, आई त्याआधीच. नानांचे शेवटचे सारे ताईनेच केले, सासर सांभाळून. लेकीच्या कर्तव्याबद्दल कायद्याला फारसा संशय नव्हताच म्हणा. ऐपत असलेल्या विवाहित मुलीनेही आईबापांना पोसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच सांगून टाकले. हक्क मात्र रडतखडत आला.

घर रुपयाचे धरा. १९५६ च्या कायद्याने आठ आणे जन्मतःच माझे. नानांच्या आठ आण्यांत आम्ही दोघे. म्हणजे ताईला चार आणे. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना मुलांच्या बरोबरीला बसवले, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून! २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. नाना, मी, ताई असे तीन सारखे भागीदार, नानांचा भाग पुन्हा दोघांत. ताई आठ आण्यांवर आली. पण २०१५ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात हवेत. ताई परत चार आण्यांवर! २०१८ साली त्याच न्यायालयाने, नानांसारखेच २००१ साली वडील गेलेल्या मुलींना बरोबरीचा वाटा दिला. आता खरे कोणते? अखेर ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी सांगितले : मुलीचा हक्क जन्माने येतो, वडील तेव्हा हयात असोत वा नसोत. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झालेली नसली म्हणजे झाले.

हे सारे मला सिव्हिल लाइन्समध्ये, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात वकिली करणाऱ्या मित्राने समजावले. मी गेलो होतो कागद पक्का करून घ्यायला!

"सही झाली की पक्काच आहे," तो म्हणाला. "पण ती चार आणे सोडतेय की आठ, हे तिला सांगितलंस का?"

गेल्या भाऊबीजेला सांगितले. ताईने शांतपणे ऐकून घेतले.

"मग इतकी वर्षं साडी कशाची देत होतास रे?" एवढे म्हणून ती ताट घेऊन आत गेली.

परवा सीताबर्डीवर गेलो होतो. दुकानदाराने गादीवर बसवले, चहा मागवला आणि विचारले, "बहिणीसाठी ना? कितीपर्यंतची दाखवू?"